दिवसाआड सुरू होणारी फियाट

रविवार, १० ऑगस्ट

आजपासून ही डायरी. मुलांना प्रयोगशाळेत रोज निरीक्षणं लिहायला लावतोस आणि स्वतः सगळं डोक्यात ठेवतोस, असं संहिता काल म्हणाली. बायकोचं म्हणणं अधूनमधून ऐकावं, म्हणून लिहायला बसलो.

विषय वडिलांची, म्हणजे नानांची, फियाट. शहाऐंशी सालची पद्मिनी, फिकट निळी. तिचं मूळ इंजिन कायमचं बसलं तेव्हा मी तिच्यात एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन घातलं, आरटीओच्या शिक्क्यासकट. कार्ब्युरेटर गेला, टाकीतलं पेट्रोल ओढायला इलेक्ट्रिक पंप आला. पंप कुठे बसवायचा, नळी कुठून न्यायची, सगळं डिझाइन माझं. मी इंदूरजवळ सिमरोलला इंजिनिअरिंगच्या मुलांना द्रवांचं वहन शिकवतो, त्यामुळे ते दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच नव्हता.

गाडी धावते झकास. फक्त सुरू व्हायला नखरे करते. दिवसभर उभी राहिली की सेल्फ नुसता फिरत राहतो, आपण देवाचं नाव घेत राहतो आणि मग कुठे इंजिन पकडतं.

इतके दिवस मी मनावर घेतलं नव्हतं, कारण गाडी नाना चालवायचे आणि त्यांना घाई नसायची. पण काचबिंदूमुळे जूनमध्ये त्यांचं लायसन्स रिन्यू झालं नाही. तेव्हापासून गाडी अंगणात आणि नाना घरात. दर शनिवारी पलासियाला यशवर्धनकाकांकडे त्यांचा पत्त्यांचा अड्डा असायचा, तोही सुटला. रिक्षाने जायला तयार नाहीत. रविवारी मी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "शनिवारचा अड्डा रविवारी भरत नाही, यतीन."

आज विक्रांत जेवायला आला होता. शाळेपासूनचा मित्र, आता पलासियाला त्याचा कॅफे आहे. त्याला फियाट कॅफेच्या दारात उभी करायची आहे, लोकांना फोटो काढायला. म्हणाला, "चालली नाही तरी चालेल भिया, बस दिसायला पाहिजे." मी जेवतानाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दसऱ्यापर्यंत प्रयत्न करतो. गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायला लागली तर राहील, नाहीतर विक्रांतच्या दारात. भरवशाची नसलेली गाडी अंगणात ठेवून काय करायचं? आणि घरात आता ती चालवणार तरी कोण, मी सोडून? संहिताची स्वतःची छोटी गाडी आहे, ती फियाटच्या वाटेला जात नाही.

आई वाढता वाढता म्हणाली, "मी शिकले तर?"

आम्ही हसलो. विक्रांतला तर ठसका लागला. आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिने आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवलेली नाही. नाना हसले नाहीत, ते ताटाकडे बघत होते. संहिता पोळ्या आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. पोळ्या टेबलावरच होत्या.

मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रेशर गेज आणला आणि इंजिनजवळच्या नळीला जोडला. इंजिन चालू असताना पेट्रोलचा दाब पाहिजे तितका. बंद केलं की काटा डोळ्यांदेखत खाली. चहा पिऊन येईपर्यंत जवळजवळ शून्य. म्हणजे नळीतलं पेट्रोल हळूहळू कुठेतरी निघून जातंय, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी नळी भरेपर्यंत सेल्फ फिरवत बसावं लागतं.

कुठे जातंय, हा प्रश्न. पंपाला एक झडप असते, ती पेट्रोल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तिच्यावर संशय घ्यायला हवा, पण ती मीच निवडलेली आहे. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत असतील. आधी ते तपासू.

आई आज संहिताबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आली. रक्तदाब, डोळे, सगळं उत्तम. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं म्हणे. हल्ली कशाकशाला दाखले लागतात.

सोमवार, १ सप्टेंबर

चमत्कार. संध्याकाळी सिमरोलच्या बसने आलो, कपडे न बदलता नेहमीसारखा गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. मी काहीही केलेलं नाही. इंजेक्टर काढून पाहिले होते, ते कोरडे ठणठणीत निघाले, म्हणून तसेच परत लावले होते.

आई म्हणाली, "गणपती बसलाय ना घरात. त्याची कृपा."

मंगळवार, २ सप्टेंबर

कृपा संपली. आज पुन्हा तेच. सेल्फ फिरवून फिरवून बॅटरीची दया आली.

बुधवार, ३ सप्टेंबर

आज पुन्हा पहिल्या फटक्यात. आता मला झोप लागणार नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

दोष कायमचा असेल तर सापडतो. येणारा-जाणारा दोष म्हणजे छळ. एक दिवस गाडी गुणी मुलासारखी वागते आणि दुसऱ्या दिवशी ओळखच दाखवत नाही.

त्यात गाडी आता सगळीकडूनच खिळखिळी व्हायला लागली आहे. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. शुक्रवारी बसलो तर गुडघे स्टिअरिंगला. रूळ झिजले असणार. ती मागे ढकलून खिट्टी पक्कडीने घट्ट केली. आतला आरसा खाली लोंबतो, त्याचा स्क्रू आवळला. मागच्या काचेवर कुणीतरी लाल टेपचे तुकडे चिकटवले आहेत, एक उभा, एक आडवा. गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं असतील. रॉकेलने घासून काढले.

पेट्रोलही कमी होतंय. गाडी अंगणातून हललेली नाही आणि काटा उतरतो! डिकीत वास घेऊन पाहिला, फरशीवर कागद अंथरून पाहिला. गळती दिसत नाही. किलोमीटरचा आकडा बघावा तर तो कधीपासून एकाच जागी अडकलाय.

नाना मात्र हल्ली खुशीत असतात. डोळ्यांचे नवे थेंब मानवलेले दिसतात.

बुधवार, १० सप्टेंबर

सापडलं.

रोजच्या नोंदी समोर ठेवून बसलो होतो. इतक्यात आईने आतून हाक मारली, "यतीन, टाकी भरली का बघ रे, नाहीतर परवापर्यंत बैठे रहो." आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. आमच्या गल्लीत नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, दुपारी. गाडीचे नखरेही दिवसाआड! तारखा ताडून पाहिल्या. पाणी येतं त्या दिवशी गाडी अडते. पाणी येत नाही त्या दिवशी पहिल्या फटक्यात सुरू. रविवारी मी तिला उघडूनच बसतो, तो सोडला तर एकही अपवाद नाही.

कारण उघड आहे. पाण्याच्या दिवशी नाना पाइप लावून गाडी धुतात. मागच्या बाजूला पंपाला करंट देणारा रिले आहे, तिथे ओल जाते, करंट नीट पोचत नाही आणि पंप आळशी होतो. इतकं सरळ होतं!

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. संहिताने फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे दोष नर्मदेचा." सांगलीची आहे, तिला कृष्णेचा अभिमान.

नानांना सांगितलं की आजपासून गाडी धुवायची नाही. ते म्हणाले, "बरं."

रविवार, १४ सप्टेंबर

रिलेला प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या गुंडाळल्या आहेत. परवाच्या पाण्याला गाडीला थेंब लागला नाही, आजही नाही. तरी दोन्ही दिवस अडलीच. मग हवेतली ओल असेल का? पाणी आलं की सगळी गल्ली अंगणं धुते.

नाना पाण्याच्या वेळेला सवयीने बादली घेऊन बाहेर आले, मग थांबले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. त्या कुंड्यांना इतकं पाणी लागत नाही. मला ते बघवलं नाही, पण प्रयोग म्हणजे प्रयोग.

बुधवार, १७ सप्टेंबर

ओलीचा नाद सोडून रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. काल रात्री इंजिन चालवून दाब चढवला, बंद केलं आणि पंपापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर चिमटा आवळला. दाब आज संध्याकाळपर्यंत टिकला तर गुन्हेगार पंपाची झडप. उतरला तर ती निर्दोष.

संध्याकाळी येऊन पाहतो तो नळीवर चिमटाच नाही. शोधला तर डॅशबोर्डच्या खणात, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला. आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

घरात विचारलं. संहिता म्हणाली, "उंदराने काढला असेल."

"उंदीर रुमालात गुंडाळून ठेवतो?"

"इंदूरचा उंदीर आहे. स्वच्छतेत नंबर एक."

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नाना म्हणाले, "मला दिसतं का त्यातलं काही?" पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे तोंड केलं नाही.

आणि मला सगळं कळलं. सीट, आरसा, पेट्रोल. मी सिमरोलला, संहिता दोनपर्यंत शाळेत शिकवायला, आई तिच्या कामात. नाना गाडी बाहेर काढतात. काचबिंदू झालेला माणूस अन्नपूर्णा रोडवर! एखाद्या स्कूटरवरच्या पोराला उडवलं तर?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज किल्ली खिशात घालून सिमरोलला नेली. आज पाण्याचा दिवस नव्हता, म्हणजे गाडी झटक्यात सुरू व्हायला हवी होती. नाही झाली. खूप वेळ सेल्फ मारावा लागला. सिद्ध झालं. गाडी दिवसा कुणी चालवली नाही तर संध्याकाळी अडते. चालवली तर संध्याकाळपर्यंत नळी पुरती रिकामी होत नाही.

विक्रांतला फोन करून टाकला. दसरा झाला की गाडी ने.

जेवताना सांगितलं. मग मी नानांना सरळच विचारलं, "तुम्ही गाडीत बसता ना दुपारी?"

नानांनी आईकडे पाहिलं. म्हणजे आई बसली होती त्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, "हो. बसतो."

"चालवता?"

"गाडीत बसतो, म्हटलं ना."

आई काहीतरी बोलणार होती, नानांनी तिच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना आमच्यासमोर आईचा हात धरताना पाहिलेलं नाही. बिचारे. फार लागलं असेल त्यांना.

आई म्हणाली, "दसऱ्यापर्यंत तर राहू देशील ना? मग किल्ली घरी ठेवून जात जा. बसू दे त्यांना गाडीत. तेवढंच मन रमतं."

मी नानांकडून शब्द घेतला. ते म्हणाले, "मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. शब्द दिला तुला." म्हणताना किंचित हसले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज पाणी नव्हतं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

नानांनी मला लहानपणापासून एकदाही खोटा शब्द दिलेला नाही. लग्नाला उशिरा पोचू, पण खोटं कारण सांगणार नाही, असा माणूस. आज मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बस लेट झाली, दमलोय." म्हणजे घरात आता खोटं बोलणारा मीही झालो.

बुधवार, २४ सप्टेंबर

काय लिहू?

संध्याकाळी बसथांब्यावरून घरी येत होतो. समोरच्या घरातला भूषण फाटकाशी उभा होता. तो बँकेत आहे, सध्या पाय मुरगळला म्हणून घरी बसून गल्लीची खबर ठेवतो. म्हणाला, "यतीन भिया, मानलं यार! काकूंनी काल क्या रिव्हर्स मारला! एका झटक्यात गाडी अंगणात. मला नाही जमत तसा."

"कोण काकू?"

"अरे, इंदुमतीकाकू. अपनी काकू! पहिल्या दिवशी आमच्या फाटकाला घासणारच होत्या. मी म्हटलं, गये काम से. आता बघ. टेस्ट कधी आहे त्यांची?"

मी म्हटलं, "आहे लवकरच," आणि घरात आलो. आई नेहमीसारखी पोहे परतत होती. पायात संहिताचे स्पोर्ट्‌स शूज. गुडघ्यांसाठी घालते, असं मला महिनाभर सांगितलं होतं आणि ते मला पटलंही होतं.

मी मुकाट्याने पोहे खाल्ले आणि वर येऊन बसलो.

सीट आईने पुढे ओढली होती, तिचे पाय पोचावेत म्हणून. आरसा तिच्या उंचीला लावला होता. लाल टेप म्हणजे शिकाऊ चालकाचा एल. तो मी रॉकेल लावून घासून काढला. डॉक्टरांचा दाखला लर्निंग लायसन्ससाठी. पाण्याच्या दिवशी आईला दुपारी टाक्या भरायच्या असतात, म्हणून त्या दिवशी शिकवणी नसायची. नर्मदा बिचारी निर्दोष. संहिता शाळेतून दोनला येते, तिच्याकडे पक्कं लायसन्स आहे, ती शेजारी बसत असणार. आणि नानांनी शब्द मोडलेलाच नाही. त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

राग आला. खूप आला. गल्लीला माहीत, भूषणला माहीत, भाजीवाल्यालाही असेल, आणि घरात मला नाही. खाली जाऊन भांडावं असं वाटलं. जिन्यात थांबलो. काय म्हणून भांडणार होतो? तिने तर मला विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि मी हसलो होतो.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पाणी नसण्याचा दिवस. दुपारची लॅब बदलून घेतली आणि अन्नपूर्णेच्या मंदिरासमोर रसवंतीच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. चोरासारखं वाटत होतं. भूषणने फोनवर सांगितलं होतं की ते इथवर येतात, दर्शन घेतात आणि परत जातात.

आले. निळी फियाट, सावकाश, पण सरळ रेषेत. आई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेली. शेजारी संहिता. मागे नाना, खिडकीतून हात पूर्ण बाहेर काढून वळण्याची खूण करत होते. त्यांच्या काळात तसंच शिकवायचे. मागचा ई-रिक्षावाला त्या हाताकडे बघतच राहिला. काचेवर नवी लाल टेप होती, थोडी वाकडी.

नवरात्राची गर्दी. आईने गाडी मंदिराच्या दारातल्या हत्तींच्या पुतळ्यांच्या अलीकडे कडेला लावली. तिघं आत जाऊन आली. नाना आईच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, आणि चेहरा असा की जणू शनिवारच आहे. मग तिघं गाडीत बसली. आईने किल्ली फिरवली.

सेल्फ फिरत राहिला. फिरत राहिला. इंजिन तापलेलं, दाब उतरलेला, नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली. मला तो आवाज पाठ आहे. मागून एक लोडिंग रिक्षा निघायला बघत होती. तिने हॉर्न धरला, मग दुसऱ्यांनी धरला. बाइकवरचा एकजण ओरडला, "अम्मा, घर जाओ, भजन करो!" चार लोक हसले. मला इथून आईचा चेहरा दिसत होता. तिने पुन्हा किल्ली फिरवली. ओठ घट्ट मिटलेले होते. लहानपणी मला ताप असायचा तेव्हा ती अशी बसायची.

मी धावत जायला हवं होतं. मी आडोशालाच उभा राहिलो. इतके दिवस मी फक्त वेळ मोजत होतो की किती लागतो. त्या वेळात आत बसलेल्या माणसाला काय होतं, ते आज पाहिलं. आई चुकत नव्हती. मी निवडलेली झडप चुकत होती आणि लोक हसत होते आईला. आणि त्यांच्या आधी मीच हसलो होतो.

शेवटी इंजिनने पकडलं. आईने आरशात पाहिलं, हात दाखवून रिक्षाला थांबवलं आणि गाडी काढली. नानांचा हात पुन्हा खिडकीबाहेर आला. मी रस न पिताच निघालो.

शनिवार, २७ सप्टेंबर

रजा टाकली आणि सियागंजातल्या पार्टच्या दुकानातून नवी झडप आणली. या वेळी हातात घेऊन, फुंकून, उलटसुलट तपासून. घरी येऊन चिमट्याची परीक्षा पुन्हा घेतली. चिमटा लावला तर काटा हलला नाही, काढला तर धाडकन खाली. म्हणजे गळती पंपाच्या झडपेतूनच होती. ऑगस्टमध्येच कळलं असतं. पण ती मी निवडलेली होती ना, म्हणून बाकी सगळ्यांवर संशय घेतला. इंजेक्टरवर, नर्मदेवर आणि नानांवर.

पंप टाकीपेक्षा उंच बसवला होता, तीही चूकच. तो खाली घेतला, म्हणजे पेट्रोल आपणहून त्याच्याकडे येत राहील. नवी झडप पुढे लावली. दिवस गेला. आई दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा गाडीभोवती एक चक्कर मारून गेली.

"विक्रांतला द्यायचीय, तर एवढं कशाला करतोस?" तिने विचारलं.

"बंद गाडी द्यायला बरं वाटत नाही," मी म्हटलं. अजून सांगितलं नाही. त्यांनी एवढे दिवस जपलंय, ते मी का फोडू?

विक्रांतला मात्र नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "चलो, कोई नी. दुसरी बघतो."

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी उठल्या उठल्या गेज पाहिला. काटा रात्रभर जागचा हलला नव्हता. किल्ली फिरवली. सेल्फला धाप लागायच्या आत इंजिन सुरू. मी अंगणात एकटाच हसत होतो.

दुपारी पाणी आलं. बादली भरून नानांसमोर ठेवली आणि पाइप त्यांच्या हातात दिला. "नाना, गाडी धुवा. मळलीय फार."

"आणि तुझ्या त्या रिलेचं काय?"

"रिलेचा काही दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. माझंच चुकलं."

नानांनी मान हलवली. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि हाताने चाचपत बॉनेटपासून सुरुवात केली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी मागची काच धुतली. लाल टेप होती, तिला धक्का लावला नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

मुद्दाम दोन दिवस गाडीला हात लावला नाही, आणि बाकीच्यांनाही संधी मिळू दिली नाही. मंगळवारी पाणी होतं, काल मी घरीच होतो. म्हणजे आज खरी परीक्षा.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा झाली की किल्ली पूजेच्या ताटात ठेवतात, नाना ती उचलतात आणि सगळ्यांना घेऊन सोनं वाटायला जातात. माझ्या आठवणीत हे कधी चुकलेलं नाही. यंदा ताट तयार होतं, झेंडूचा हार बॉनेटवर होता, चाकांखाली लिंबं होती. आई नव्या साडीत, पायात तेच शूज.

पूजा झाली. नानांनी ताटात हात फिरवून किल्ली शोधली. उचलली. आणि आईपुढे धरली.

संहिता माझ्याकडे बघत होती. आई कुणाकडेच बघत नव्हती. नाना म्हणाले, "यतीन, तुला एक सांगायचं राहिलंय."

"मागे या," मी म्हटलं.

तिघं गाडीच्या मागे आली. काचेवरची वाकडी टेप मी पहाटे काढली होती. तिच्या जागी एलचं नवं स्टिकर होतं, लाल, पट्टीने मोजून मध्यावर लावलेलं. त्याच्या वर झेंडूचं एक फूल.

आईने स्टिकरवरून बोट फिरवलं. "हे कुणी लावलं?"

"मी."

"कधीपासून माहितीय तुला?"

"उशिराच कळलं. मला सगळंच उशिरा कळतं."

नानांना दिसलं नसावं, म्हणून संहिताने त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

आई स्टिअरिंगला बसली. सीट पुढे होती, आरसा तिच्या उंचीला होता. संहिता तिच्या शेजारी. मी पुढचं दार धरून उभा होतो, नेमकं कुठे बसावं ते कळेना.

"मागे बस नानांजवळ," आई म्हणाली. "आणि हसायचं नाही."

"नाही हसणार, आई."

तिने हात जोडले, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. आईने एकदा मागे वळून पाहिलं, मग पुढे, आणि लिंबं चिरडत गाडी गल्लीत आली. भूषण फाटकातून टाळ्या वाजवत होता.

यशवर्धनकाकांकडे नानांनी सोनं दिलं आणि पुढच्या शनिवारची वेळ ठरवूनच ते उठले. आईची ड्रायव्हिंग टेस्ट मंगळवारी आहे. परतताना पलासियाच्या सिग्नलला तिचा क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. मागे भली मोठी रांग होती, सगळे हॉर्न वाजवायला लागले. आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. आईने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि नानांनी खिडकीतून हात बाहेर काढला.